मोबाइलवर कोणाचा फोटो वर?

मित्रांनो, आजची सुट्टी मंडळाच्या वेबसाइटने खाल्ली.

मी वेब डिझायनर, म्हणून लालबागमधल्या आमच्या गणपती मंडळाची साइट फुकटात माझ्याच गळ्यात. सकाळी ग्रुपवर लिंक टाकली. कॉम्प्युटरवर अध्यक्षांचा फोटो मधोमध, नाक्यावरच्या बॅनरसारखा. पण मोबाइलवर फोटो एकाखाली एक येतात आणि तिथे अध्यक्ष गेले खजिनदारांच्या खाली.

लगेच फोन. "अरे, बॅनरवर असं चालतं का? मला वर घे."

आता त्यांना सीएसएस कसं समजावणार? पानावर काय, कुठे, केवढं दिसेल हे त्या भाषेत लिहायचं आणि मोबाइलसाठी पुन्हा वेगळं. अध्यक्षांना वर घेतलं, तर खजिनदार रुसले. त्यांना मोठं केलं, तर सल्लागारांचा फोन, "आम्ही काय मेलो का रे?" संध्याकाळपर्यंत हेच चाललं. शेवटी वैतागून, जागा खाणारं सगळ्यात वरचं चित्र मोबाइलपुरतं लपवलं. सगळे फोटो पहिल्याच नजरेत दिसायला लागले. ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे आले. सुटलो!

मग आईने तिच्या फोनवर साइट उघडली. चष्मा लावून वर-खाली करत बसली आणि तिच्या मालवणीत म्हणाली, "झिला, ह्येंका सगळ्यांका बघलंय. पण गणपती खंय गेलो रे?"

लपवलेलं चित्र मूर्तीचं होतं. अख्ख्या कमिटीने साइट बघितली, एकालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

आता तुम्हीच सांगा, बाप्पाला वर घेतो, पण खाली कोणाला ढकलू?