घरातून काढलेला डोंगर

डोंगराची ओली माती शेतातल्या चिखलासारखी नसते. शेतातला चिखल आपण नांगरून, पाणी सोडून, पायाने तुडवून मऊ केलेला असतो. डोंगरावरून आलेल्या मातीत मुरूम असतो, मुळं असतात, दगड असतात, आणि सगळं एकमेकांना धरून बसलेलं असतं. फावडं मारलं की आत जातं, पण बाहेर येत नाही. आलंच तर अर्धी माती पात्याला चिकटून राहते, आणि तीच माती आपण पुन्हा पुन्हा उचलत बसतो.

आमचं घर उतारावर आहे. घराच्या पुढे खाली शेत, मागे डोंगर. मागची भिंत आणि डोंगर यांच्यामध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढीच जागा होती. तिथे मी भांडी घासायची. श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी, तो डोंगर खाली आला. मोठा आवाज झाला नाही. भाताचं पोतं कुणी खांद्यावरून टाकावं तसा आवाज झाला आणि मागच्या खोलीत अंधार झाला. खिडकी नव्हतीच, कुडाच्या फटींतून उजेड यायचा, तो गेला.

मागच्या खोलीत सासू झोपलेली होती. गेल्या थंडीपासून तिचे पाय धरत नव्हते, उभं राहता येत नव्हतं. मी तिला काखेत हात घालून पुढच्या खोलीत आणलं, खाट आणली, तिला खाटेवर टेकवलं. ती म्हणाली, "चूल विझली का बघ." मी चूल बघितली. पेटलेली होती.

आमचं घर जुन्या पद्धतीचं आहे. लाकडाच्या मेढी, म्हणजे जाड खांब, त्यांच्यावर वासे आणि कौलं. भिंती कुडाच्या. करवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या बांबूच्या कांबींना बांधायच्या आणि वरून शेणमातीने सारवायचं. शेजारी मोठ्या जावेचं घर आहे, ते घरकुल योजनेत विटांचं झालं. आमचं व्हायचं राहिलं. आमचे दोघींचे नवरे लावणी झाल्यावर भिवंडीला गोदामात कामाला गेले होते. माझी मुलगी आश्रमशाळेत. घरात मी आणि सासू.

नवरा जाताना बोलून गेला होता. हे घर आता फार दिवस टिकत नाही. पडलं की आईला घेऊन सरळ भिवंडीला यायचं, तिथे खोली बघून ठेवली आहे. तो वाईट मनाने बोलला नव्हता. त्याला दरवर्षी कौलं फिरवायचा कंटाळा आला होता. पण सासूने ते ऐकलं होतं. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "मला खोलीत नाय मरायचा. वर माणसा, खाली माणसा. मी इथंच मरंन." मी बोलतच नाही फारसं. पण त्या दिवसापासून घर पडणं म्हणजे काय ते आम्हा दोघींना माहीत होतं.

त्या संध्याकाळी जाऊ घमेलं घेऊन आली. आम्ही दोघी मागे गेलो. माती भिंतीला छातीएवढी लागली होती. मी भिंतीजवळून, खालून काढायला लागले, कारण भिंत मोकळी करायची होती. चार घमेली काढली की वरून सहा येत होती. जाऊ म्हणाली, "डोंगराला सांग गे, आमचा हात दुखतो." मग म्हणाली, "आज बस. उद्या बघू." पाऊस थांबलेला नव्हता. हात इतके गार पडले होते की फावड्याचा दांडा धरलाय की सोडलाय ते कळत नव्हतं. चुलीपुढे बसल्यावरही बराच वेळ कळलं नाही.

सकाळी बघितलं तर मागच्या खोलीत कूड आतल्या बाजूला फुगला होता. सारवणाचे पापुद्रे जमिनीवर पडले होते. मधली मेढ तिरकी झाली होती. ती मेढ गेली तर आढं, म्हणजे छताचं वरचं आडवं लाकूड, खाली येणार, आढं आलं की कौलं, मग घर. मी फावडं घेतलं.

सासू खाटेवरून म्हणाली, "ठेव ते."

पंचमी होती. पंचमीला आमच्याकडे मातीत लोखंड घालत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, फावडं नाही. जमिनीत नाग असतो, त्याला लागतं. चिरत कापत पण नाहीत, तवा चढवत नाहीत. हे मला माहीत होतं. रात्री मी त्याचा विचारच केला नव्हता.

जाऊ दारात आली होती. ती म्हणाली, "आई, मेला नाग कुठला राहिला आता त्या मातीत? एवढा डोंगर अंगावर पडल्यावर तो पण पळाला असंल."

"पळाला असंल तं घरात आला असंल," सासू म्हणाली. "मग तं अजूनच नको."

"आणि घर पडला तं?"

"पडंल तेव्हा पडंल. आज लोखंड नाय."

जाऊ माझ्याकडे बघत होती. मी काय बोलते त्याची वाट बघत होती. मी फावडं दाराशी टेकवून ठेवलं आणि फोन करायला गेले.

आमच्याकडे घरात रेंज येत नाही. वरच्या सडकेला एका वळणावर येते. मी तिथे डोक्यावर इरलं घेऊन उभी राहिले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जेसीबी नाय का भेटणार खोडाळ्याला?" मी म्हटलं, पायवाटेने जेसीबी कसा येईल. तो म्हणाला, "हा, ते पण हाय." मागे गाडीत माल चढवायचा आवाज येत होता, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं. मग तो म्हणाला, "तू आणि आई बाजूच्या घरात जा. पडला तर पडू दे. काय ठेवलाय तिथं." मी बरं म्हटलं. फोन ठेवला. उतरताना मला वाटत होतं की मला राग यायला पाहिजे. आला नाही. रडूही नाही. पायाखाली पाणी वाहत होतं, ते बघत मी खाली आले.

सासूने विचारलं, "काय बोलला?"

"बरी आहे का विचारलं तुमची तब्येत," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. बराच वेळ ती मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. कूड अजून थोडा आत आला होता. करवीची एक काठी कडकन मोडली तेव्हा ती म्हणाली, "कूड सोड."

मला कळलं नाही.

"मागचा कूड सोड. गाठी सोड साऱ्या. मातीला आत येऊ दे. तिला आत यायचा हाय म्हणून ती ढकलते. वाट दिली का मेढीला सोडंल."

जाऊ हसली. "म्हणजे चोराला दार उघडून द्यायचा. मग पुढच्या दारानी जा म्हणायचा."

"हां," सासू म्हणाली. "तसाच."

"आणि कोयता, आई? गाठी कापायला?"

"आज चिरायचा नाय सांगितला ना. हाताला बोटा हायत."

विटांच्या घरात हे करता आलं नसतं. तिथे भिंतीवर घर असतं. कुडाच्या घरात घर मेढींवर असतं, कूड नुसता आडोसा. एवढी वर्षं मी त्या भिंती सारवत होते, पण त्या नसल्या तरी घर उभं राहील हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही वरच्या कांबीपासून सुरुवात केली. पूर्वी वेलीने बांधायचे, आता प्लास्टिकची दोरी. ओल्या दोरीच्या गाठी दगडासारख्या होतात. काही बोटांनी सुटल्या, काही दाताने. जावेने लाकडाची एक खुंटी टोकदार बघून घेतली आणि ती गाठीत घालून फिरवायला लागली. वरची ओळ सुटली तशी माती काठ्यांवरून आत वाकली आणि हळूच खाली आली. मग दुसरी ओळ. माती आत येत होती ती धावत आली नाही. पाहुण्यासारखी, थांबत थांबत आली. माझी सारवलेली जमीन तिच्याखाली गेली. जिथे सासूची खाट होती तिथे गुडघाभर झाली. मी मेढीला हात लावून बघितला. ती थरथरत होती, मग थांबली.

आता ती माती बाहेर काढायची होती, आणि लोखंड नव्हतं. आधी सुपाने काढली, सुपाचा काठ निघाला. पाटीत हाताने भरली, पण पाटी उचलताना कमरेतून कळ आली. मग जाऊ म्हणाली, "थांब," आणि आपल्या घरून लावणीच्या वेळची फळी घेऊन आली. शेतातला चिखल सारखा करायला बैलांच्या मागे जोडतात ती, लांब लाकडी फळी, दोन्ही टोकांना दोर. सगळी लाकडाची. तिने दोर खांद्यावर घेतला.

"मी बैल," ती म्हणाली. "तू मागून दाब. हाकलू नको, मी लाथ मारंन."

मी मागच्या मातीवर हंडाभर पाणी ओतलं, ती सैल झाली. फळी उभी धरून मी दाबायची आणि ती ओढायची. मागच्या खोलीतून मधल्या दारातून पुढच्या खोलीत, सासूच्या खाटेच्या बाजूने, पुढच्या दारातून ओट्यावर, ओट्यावरून खाली. उचलायचं काहीच नव्हतं. माती फळीपुढे गोळा होऊन सरकत होती. दगड आला की थांबायचं, दगड हाताने काढायचा, पुन्हा दोर घ्यायचा. एकदम खूप घेतलं की फळी रुतायची. थोडं थोडं घेतलं की जायची. पाऊस मागून आणखी माती देत होता, आम्ही पुढून काढत होतो.

सासू खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या खाटेच्या पायांना चिखल लागून जात होता. मधूनच ती सांगायची, "डाव्या हाताला राहिला बघ."

"आई, तुम्ही पण उतरा," जाऊ म्हणाली. "भाताचा आवण आणते. घरातच लावणी करू. भात पिकला का चुलीवरच झोडू."

सासू हसली. थंडीपासून ती हसलेली मी बघितली नव्हती. मीही हसले असेन, तोंड तसं झालं होतं. आत काही हललं नाही. मला त्या वेळी फक्त दाबायचं आणि सोडायचं एवढंच दिसत होतं. हात माझे नव्हते. ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत आणि मी त्यांना काम सांगते आहे असं वाटत होतं.

अंधार पडायच्या आधी माती आत यायची थांबली. वरचं जे यायचं होतं ते येऊन गेलं होतं. मागची खोली मागून उघडी होती, आणि त्या उघड्यातून डोंगराची लाल कापलेली बाजू दिसत होती. मेढ तिरकी, पण उभी. आम्ही तिला एका बांबूचा टेकू दिला. जेवायला उकडलेलंच होतं. जाऊ खाता खाता भिंतीला टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी लोखंड चालत होतं. मागे राहिलेली माती मी फावड्याने काढली. सासूने सांगितलं होतं म्हणून पात्याला आधी मोहाच्या बियांचं तेल चोळलं. तेल लावलं की माती पात्याला धरत नाही, घसरून जाते. थोड्या वेळाने पुन्हा लावायचं. आणि खालून नाही, वरून काढायची. जव्हारच्या बाजारातून आणलेली ताडपत्री मागे बांधली.

नवरा रविवारी आला. चपला हातात घेऊन घरात शिरला, मागे गेला, ताडपत्री बाजूला करून डोंगर बघितला, मेढीला हात लावला. पुढे येऊन आईच्या खाटेजवळ उभा राहिला.

"चल आता," तो म्हणाला. "मागं भिंतच नाय."

"घर उभा हाय ना," सासू म्हणाली.

"ह्याला घर बोलतात?"

"पडला तं जायचा, असा तूच बोललास. पडला का?"

तो माझ्याकडे वळला. मी भात वाढत होते. "पडू द्यायचा होता," तो हळू म्हणाला, तिला ऐकू जाऊ नये असं. मी त्याच्या ताटात वरण घातलं. तो जेवला. त्याने ताडपत्रीच्या दोऱ्या पुन्हा घट्ट केल्या, वर एक चर खणला म्हणजे पाणी बाजूने जाईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेला.

सासू भाद्रपदात गेली. पुढच्या खोलीत, त्याच खाटेवर, सकाळी. मी तिला चहा द्यायला गेले होते. बायका आल्या, म्हणाल्या, तुझ्यामुळे म्हातारी आपल्या घरात मेली. मी मान हलवली. मी फळी दाबली होती एवढंच मला आठवत होतं.

तिचं दिवसकार्य झाल्यावर नवऱ्याने ओट्यावर बसून विचारलं, "आता इथं कुणासाठी राहायचा?"

मी म्हटलं, "भात कापायचं आहे."

"आणि मग?"

भिवंडीच्या खोलीत पंखा आहे, नळ आहे, असं तो सांगत होता, आणि ते खरं होतं. तो चिडला नव्हता. म्हणाला, "बघ. कळव."

भात कापून झालं, झोडून झालं. मी अजून कळवलेलं नाही. परवा जाऊ करवी कापायला निघाली होती, तिला कुंपणाला पाहिजे होती. दारातून म्हणाली, "येतेस का, का भिवंडीला पंख्याखाली बसतेस?" मी कोयता घेतला आणि तिच्या मागे गेले. माझीही मोळी आणली. मागच्या खोलीत ताडपत्रीला टेकवून ठेवली आहे. मागचा कूड पुन्हा बांधायचा की नाही ते ठरवलेलं नाही. काठ्या अजून ओल्या आहेत, वाळायला वेळ लागेल.