सिलिंडरभोवती फिरवलेली तलंग

शिफ्टकाकी घड्याळ बघत नसत. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या त्यांच्या घरी कोंबड्या सुटत त्या कंपनीचा फर्स्ट शिफ्टचा भोंगा झाला की, आणि खुराड्यात जात त्या सेकंडच्या चहाच्या सुट्टीला. पती कंपनीतून निवृत्त झाले, पुढे वारलेही, तरी काकींचा दिवस शिफ्टनेच चालला. दूधवाल्याला उशीर झाला तर त्या दारातून विचारत, "काय रे, हाफ डे लावू का तुझा?" त्यांच्या माडीवरची खोली माझ्याकडे भाड्याने होती. मला उठायला उशीर झाला की माझाही हाफ डे लागे.

परसदारी पाच कोंबड्या आणि एक कोंबडा होता. कोंबड्याला कोणी विचारत नसे. सत्ता एका काळ्या, जाड मानेच्या कोंबडीकडे होती. काकींनी तिचं नाव मुकादमीण ठेवलं होतं. कण्या टाकल्या की पहिली चोच तिची. नियम मोडणाऱ्या कोंबडीची पिसं परसभर उडत.

काकींच्या आईकडे कबऱ्या, ठिपक्याठिपक्यांच्या कोंबड्या होत्या. दोघी मुलींना तिने लग्नानंतर एकेक जोडी दिली होती. काकींकडचा वाण मानमोडीच्या साथीत संपला. धाकट्या बहिणीकडे, जिते गावी, तो टिकून होता. मग बहीण आजारी पडली आणि मुलाने तिला पनवेलच्या फ्लॅटवर नेलं. तिच्या खुराड्यातल्या कोंबड्या लोकांनी कापून खायला वाटून घेतल्या. उरली एकच कबरी तलंग, अजून अंड्यावर न आलेली. काकी स्वतः जित्याला गेल्या आणि तिला कापडी पिशवीत घालून, मान बाहेर ठेवून, गाडीने रोह्याला घेऊन आल्या. आईच्या वाणातली ती शेवटची होती.

नवी कोंबडी घरात आणली की चुलीभोवती फिरवायची, म्हणजे ती घर सोडत नाही, अशी रीत आहे. काकींकडे चूल राहिली नव्हती. त्यांनी तलंगेला गॅसच्या सिलिंडरभोवती फिरवलं. शेजारची हमीदाभाभी दारात उभी राहून बघत होती. तिचा नवरा कुवेतला असे आणि तिचा दिवस काकींच्या ओट्यावर जाई.

"काकी, लगीन लावताय काय हिचं सिलिंडरशी?"

"तू वऱ्हाडीण. गप उभी रहा."

मग काकींनी देव्हाऱ्यातला करंडा काढला. त्या स्वतः कुंकू लावत नसत. तलंगेच्या डोक्यावर, तुरा अजून फुटायचा होता तिथे, त्यांनी बोटभर कुंकू टेकवलं.

पुढचं काम त्यांनी पद्धतशीर केलं. परसात बांबूचं डालगं पालथं घातलं, आत तलंग ठेवली आणि कण्या डालग्याच्या कडेने टाकल्या. बाहेरच्या बाहेर खात होत्या, आतली आत खात होती, मध्ये बांबूच्या पट्ट्या. "आधी तोंडओळख, मग घरोबा," असं काकी म्हणत. मुकादमीण डालग्याभोवती फिरे आणि फटीतून चोच घाली. काकी घाई करत नव्हत्या.

घाई बहिणीने केली. ती रोज फोन करी आणि पहिला प्रश्न तोच असे, "हाय ना गो?" एका दुपारी तिने व्हिडिओवर तलंग चालताना बघायचा हट्ट धरला. काकींनी एका हातात फोन धरला आणि दुसऱ्या हाताने डालगं उचललं.

मुकादमीण थेट डोक्यावर आली. पहिली चोच कुंकवावर बसली. रक्त आलं, तशा उरलेल्या चारही धावल्या. काकींच्या हातून फोन पडला. हमीदाभाभी झाडू घेऊन आत शिरली आणि ओरडली, "काकी, लाल बघून टोचतात त्या! कुंकू कशाला लावलंत?"

कोंबड्यांमध्ये जन्म गेलेल्या बाईला हे माहीत नव्हतं असं नाही. जखमी कोंबडीला काजळी फासून लाल झाकायचं, हे भाभीला काकींनीच शिकवलं होतं.

गोंधळ निवला तेव्हा तलंग दिसेना. कुंपणाजवळ दोन कबरी पिसं पडली होती. सकाळीच मुंगूस त्या बाजूने गेलं होतं आणि उजेड उतरू लागला होता. लाकडांचा ढीग हलवला, नदीकडची झुडपं पाहिली. खाली पडलेला फोन पुन्हा वाजला.

"हाय ना गो?"

"हाय," काकी म्हणाल्या. "चरतेय." त्यांचा आवाज नेहमीचा होता. फोन ठेवल्यावर त्या पायरीवर बसल्या.

"लांब जायची नाय," त्या म्हणाल्या. "सिलिंडरला फिरवलीय."

भाभी बॅटरी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग आतून हाक आली. तलंग सिलिंडर आणि भिंत यांच्या फटीत, डोकं पंखात घालून बसली होती.

"बघ," काकी म्हणाल्या. एवढंच. मग त्यांनी कुंकू आणि रक्त पुसलं आणि जखमेवर काजळी लावली.

दुसऱ्या दिवशी फर्स्टच्या भोंग्याला त्यांनी निर्णय जाहीर केला. "मुकादमीण सस्पेंड." डालग्याखाली आता ती गेली आणि तलंग परसात मोकळी फिरू लागली. आपल्याच राज्यात मुकादमीण कैदेत बसली, आणि बाहेर कोणी कोणाच्या मागे खायचं ते तिच्याशिवाय ठरू लागलं. जखम सुकल्यावर काकींनी डालगं उचललं. या वेळी फोन घरात ठेवला होता आणि भाभी झाडू घेऊन तयार होती. मुकादमीण चालत तलंगेपाशी आली. तलंग मागे सरली नाही. एक चोच बसली, मानेवर, हलकी. मग दोघींनी कण्या वेचल्या. काकींनी तोवर रोखलेला श्वास सोडला तो मला माडीवर ऐकू आला.

तलंग अंड्यावर आली, पण उबवायला बसेना. काकींनी तिची अंडी खुडूक झालेल्या मुकादमिणीखाली ठेवली. तिने ती उबवली आणि कबऱ्या पिल्लांजवळ येणाऱ्या प्रत्येकाला, काकींनाही, टोचलं. पिल्लं फोनवर दाखवली तेव्हा बहीण नेहमीचा प्रश्न विसरली. "आयेच्याच दिसतात," एवढंच म्हणाली. ती जित्याला परत आली नाही.

काकी गेल्या वर्षी गेल्या. खुराडं हमीदाभाभीकडे आहे आणि त्यात कबऱ्या कोंबड्या आहेत. नवी तलंग आणली की भाभी तिला आधी स्वयंपाकघरात नेते आणि सिलिंडरभोवती फिरवते. कुंकू लावत नाही. तुमच्यात कुठे ही रीत, असं मी एकदा विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "पण न फिरवता सोडली तर काकी हाफ डे लावेल."