तिसऱ्यांदा नाही

प्रसूतीच्या वॉर्डात सगळे तिला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे दोनदाबाई. नव्या बाळांचे कान तपासायचं काम तिच्याकडे आहे, आणि बाई दोनदाच तपासते. तिसऱ्यांदा नाही म्हणजे नाही. रडा, ओरडा, ओळखी काढा, वरच्या साहेबांचा फोन आणा; ती बाळाच्या कानातली रबरी बोंडी काढणार, पुसून डबीत ठेवणार आणि कागदावर पुढची तारीख लिहून देणार. ‘दगड आहे मेली,’ असं वॉर्डातल्या आया म्हणतात. म्हणू देत बापड्या. पण दगड म्हणून कुणी जन्माला येत नाही. ही कशी झाली, ते ऐका.

काम बघायला सोपं आहे. बाळ पोटभर पिऊन झोपलं, की कानात बोंडी बसवायची आणि बटण दाबायचं. मशीन बारीक टिकटिक आवाज सोडतं. चांगला कान त्याला आतून उत्तर देतो, पण इतकं बारीक की ते मशीनलाच कळावं. उत्तर आलं तर हिरवा दिवा, नाही आलं तर लाल. आता लाल म्हणजे मूल बहिरं, असं मुळीच नाही. जन्माचं पाणी कानात असतं, चिकटा असतो, बाळ चुळबुळतं. म्हणून पंधरा दिवसांनी परत बोलवायचं, आणि तेव्हाही लाल आला तर मोठ्या तपासणीला धाडायचं. सहा महिन्यांच्या आत कानाला यंत्र लागलं, की पोर बोलायला शिकतं. उशीर झाला की गेलेले महिने कुणाच्या बापाला परत आणता येत नाहीत.

तिला हे काम मोठ्या मॅडमनी शिकवलं. मॅडम कडक. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “एका बसण्यात एका कानाला दोनदा. बास. सारखं सारखं बटण दाबलं तर कधी ना कधी हिरवा लागतोच, चुकून लागतो. तिसऱ्या खेपेला जे येतं ते बाळाचं नसतं. ते तुझ्या मनातलं असतं.”

ताईनं मान हलवली. नाकासमोर चालणारी बाई, सात वर्षांत एकदाही नियम मोडला नाही. मोडला तो धाकटीसाठी.

धाकटी म्हणजे तिची बहीण, तेरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची, धाकटी सहाची. वेण्या घालणं, शाळेच्या कागदांवर सह्या करणं, परीक्षेच्या दिवशी बाहेर ताटकळत उभं राहणं, सगळं ताईनं केलं. स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. धाकटीचं लग्न झालं आणि नऊ वर्षं घरात पाळणा हलला नाही. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. त्यानंतर ही मुलगी झाली. गोरी नाही, काळी नाही, गालफुगी, बाहुलीसारखी, म्हणून तिला सगळे ठकी म्हणू लागले.

ती जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मशीन घेऊन धाकटीच्या, खिडकीजवळच्या खाटेशी गेली. आपल्या भाचीचे कान आपल्या हातांनी तपासायचे, केवढं कौतुक! डावा कान, लाल. उजवा, लाल. परत डावा, लाल. परत उजवा, लाल.

“काय आलं गं?” धाकटीनं विचारलं.

“काही नाही. कानात पाणी असेल. पंधरा दिवसांनी बघू.” ताई बोंडी काढायला लागली.

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. नऊ वर्षं डॉक्टरांची तोंडं बघून बघून तिला लाल आणि हिरवा न सांगता कळायला लागला होता. तिनं ताईचं मनगट धरलं. “अजून एकदा बघ ना गं, ताई.”

काय करणार? सहा वर्षांची होती तेव्हापासून या पोरीनं मनगट धरलं की ताई विरघळायची. बघितलं अजून एकदा. लाल. “अजून एकदा.” चौथ्या खेपेला डाव्याला हिरवा लागला. उजव्याचा पाचव्यांदाही लाल. सहाव्यांदा ताईनं श्वास रोखून बटण दाबलं आणि दिवा हिरवा झाला. धाकटी हसली आणि हसता हसता रडली. ताईनं कागदावर ‘पास’ लिहिलं. किती खेपा केल्या, ते लिहिलं नाही.

धाकटीनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवला. पुढं त्यानंच घात केला.

ठकी वर्षाची झाली तरी हाकेला वळेना. शेजारीण म्हणाली, कान दाखवून घ्या. धाकटी ताडकन उठली, कपाटातून कागद आणून तिच्या नाकासमोर धरला. “माझ्या बहिणीनं तपासलंय. तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?” शेजारीण बिचारी गप्प झाली. दार आपटलं तरी ठकी झोपेतून उठायची नाही, तर धाकटी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, “शहाणी आहे माझी बाय. आईला त्रास म्हणून द्यायचा नाही.” रोज दुपारी मांडीवर घेऊन गाणी म्हणायची. आवाज गोड होता तिचा. ठकी आईच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि खुदखुदायची.

ठकी दोन वर्षांची असताना एकदा ताई त्यांच्या स्वयंपाकघरात होती. ठकी पाठ करून फरशीवर खेळत होती. ताईनं मुद्दाम पातेल्यावरचं झाकण उचललं आणि जवळच्या जाड सतरंजीवर एक जड कढई ठेवून त्या कढईवर ते हाणलं, म्हणजे फरशीतून हादरा जाऊ नये. वॉर्डात शिकलेली युक्ती. आवाज असा, की धाकटी बाहेरून ओरडली, “अगं काय फोडलंस?”

ठकीनं मान वळवली नाही.

“काही नाही गं, झाकण पडलं,” ताई म्हणाली.  तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ही बाई त्यानंतर दहा महिने गप्प बसली. पोर खेळण्यात गुंग असेल, काही मुलं उशिराच बोलतात, अशी स्वतःची समजूत घालत राहिली. बटण दाबलं ते मायेपोटी, ते एकवेळ सोडून द्या. हे दहा महिने मात्र निव्वळ भीतीपोटी गेले, आणि त्याला माफी नाही. ती स्वतःच तसं म्हणते, मी पदरचं सांगत नाही.

शेवटी न राहवून तीच ठकीला घेऊन मोठ्या तपासणीला गेली, धाकटीला सोबत घेऊन. ठकीला झोपवलं, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या. पडद्यावर रेघ उमटली, सरळ सपाट. डॉक्टरांनी आवाज वाढवत नेला, अगदी शेवटपर्यंत. रेघ हलली नाही.

“जन्मल्यावर तपासणी झाली होती का?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो तर,” धाकटी म्हणाली. “पास होती. हिनंच केली ना.”

डॉक्टरांनी ताईकडे बघितलं. ताई ठकीच्या कानामागची तार सोडवायला लागली.

“मग ऐकणं नंतर गेलं असेल,” डॉक्टर म्हणाले. “होतं असं कधी कधी. मोठा ताप वगैरे आला होता का?”

आला होता. ठकी आठ महिन्यांची असताना. धाकटीला वाटलं दात येताहेत, म्हणून एक दिवस थांबून दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं होतं. त्या एका दिवसानं आता तिला धरलं. जेवेना, झोपेना. कुणीही भेटायला आलं की तेच: “मी एक दिवस थांबले हो. माझ्यामुळे पोरीचे कान गेले.” नवऱ्यानं समजावलं, रागावून झालं. काही उपयोग नाही. महिन्याभरात हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

ताईला सुटायचं असतं तर वाट मोकळी होती. डॉक्टरांनीच करून दिली होती. पण जिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं ती डोळ्यांदेखत झिजतेय, आणि आपण तिच्या पाठीवरून हात फिरवत ‘तुझी चूक नाही गं’ म्हणतोय. किती दिवस हे सोंग?

एका दुपारी ताई धाकटीच्या घरी गेली. धाकटी पलंगावर बसली होती. ठकी फरशीवर डबे एकात एक घालत होती, कानांना नवी यंत्रं लावलेली.

“ताप नव्हता तो,” ताई म्हणाली. “तापानं काही झालं नाही. ठकी जन्मली तेव्हाच लाल आला होता. दोन्ही कानांना, दोन्ही वेळा. मी थांबायला हवं होतं. मी सहा वेळा बटण दाबलं.”

धाकटी बघतच राहिली. “सहा वेळा?”

“हो.”

“आणि मी? मी तिथंच होते ना?”

आता इथं नीट ऐका. धाकटीला ती सकाळ आठवत नव्हती. बाळंतपणाच्या गुंगीत होती, आणि आठवणीत राहिला तो फक्त हिरवा दिवा. मनगट धरलेलं, ‘अजून एकदा बघ ना’ म्हटलेलं, सगळं पुसलं गेलं होतं. ताईनं खरं सांगितलं असतं, तर निम्मा भार धाकटीवर गेला असता. आणि तो एका तापाच्या दिवसापेक्षा जड होता.

“तू झोपली होतीस,” ताई म्हणाली. “मी माझ्या मनानं केलं.”

धाकटीनं फरशीवरच्या ठकीकडे बघितलं. मग म्हणाली, “मी तिला रोज गाणी म्हणायचे, ताई.” हळू आवाजात. ओरडली असती, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर ताईला बरं वाटलं असतं. “तीन वर्षं म्हणत होते. तुला माहीत होतं, आणि तू समोर बसून ऐकायचीस.” मग उठून तिनं दार उघडलं. “जा.”

त्यानंतर बोलणं बंद. ताई दुसऱ्याच दिवशी मोठ्या मॅडमसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी मशीन काढून घेतलं, सहा महिने कागद लावायला बसवलं. मग परत दिलं, कारण लाल आलेलं बाळ पंधरा दिवसांनी आलं नाही तर बस बदलून, चार जिने चढून त्याच्या दारात उभी राहणारी दुसरी कुणी सापडली नाही. लोक तोंडावर दार लावायचे. “आमचं बाळ चांगलं आहे, तुम्हीच अपशकुनी बोलता.” ही परत जायची. पाचव्यांदा, सातव्यांदा जायची. जाण्याला दोनदाचा नियम नव्हता.

ठकीची खबर धाकटीच्या नवऱ्याकडून मिळायची. बिचारा बायकोच्या नकळत फोन करायचा. “ताई, काल ‘दे’ म्हणाली.” साडेतीन वर्षांची पोर, आणि एक ‘दे’. तिच्या वयाची मुलं घर डोक्यावर घेत होती. दर बुधवारी ठकीला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आणायचे, वॉर्डाच्याच इमारतीत. ताई वरच्या जिन्यात उभी राहून बघायची. बाई आरसा धरायच्या आणि ठकी ओठ जुळवायची, घाम फुटेस्तोवर.

अशी दोन वर्षं गेली आणि एके सकाळी खिडकीजवळच्या त्याच खाटेवर धाकटी दिसली. कुशीत दुसरं बाळ, कालच जन्मलेला मुलगा. कान तपासणारी वॉर्डात एकच. ताईला वाटलं, आपल्याला हात लावू देणार नाही. पण धाकटीनं न बोलता बाळाच्या डोक्यावरचं टोपडं बाजूला केलं.

डावा, लाल. उजवा, लाल. ताईनं मशीन तपासलं. तिनं बोंडी बदलली, बाळाला शांत होऊ दिलं, परत लावली. डावा, लाल. उजवा, लाल.

तिनं बोंडी काढली.

“अजून एकदा बघ ना गं, ताई.”

दोन वर्षांनी धाकटीच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. हात आपोआप पुढं आला होता, ताईचं मनगट धरलेलं. शब्द बाहेर पडले आणि धाकटी जागच्या जागी थिजली. तिनं आपल्या हाताकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग मशीनवरच्या लाल दिव्याकडे.

“नाही,” ताई म्हणाली. “दोनदाच.”

“ताई.” धाकटी तिच्याकडे वळली. “ठकीच्या वेळी... मी झोपले नव्हते ना?”

ताई बोंडी पुसत होती. पुसून डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं.

“झोपली होतीस.”

“खरं सांग.”

“गाढ झोपली होतीस. मी दोन हाकाही मारल्या.” ताईनं कागद पुढं ओढला आणि तारीख लिहिली. “पंधरा दिवसांनी, मंगळवारी, सकाळी दहाला. तेव्हाही असंच आलं तर त्याच दिवशी मोठी तपासणी. याचा एक दिवसही फुकट जाऊ द्यायचा नाही. मी न्यायला येईन.”

धाकटी रडत होती, तोंडावर पदर दाबून, बाळ उठू नये म्हणून. आणि मग तिलाच काय ते उमगलं. तिनं पदर काढला आणि मोठ्यानं रडली. बाळ झोपूनच राहिलं.

ताईनं कागद तिच्या उशाखाली ठेवला. मनगट अजून धाकटीच्या हातात होतं, ते तिनं सोडवून घेतलं नाही. पलीकडच्या खाटेवरची बाई विचारत होती, “ताई, आमचा नंबर कधी?”

“येते,” ताई म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली.