फेट्याखालचं यंत्र

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं सहसा काही लपत नसे. तुम्ही परके, तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण तसं जात नाहीये.

मला थोडं कमी ऐकू यायचं. थोडंच, हं! समोर बसून बोललं की सगळं कळायचं. लांबचं, पाठीमागचं मात्र निसटायचं. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. कुरवंड्याला आमची भाताची खाचरं, दोन गोठे, गावकीत शब्दाला मान. अशा माणसानं कान गेले म्हणून सांगायचं कसं? गावानं एकदा नाव पाडलं की ते सरणापर्यंत सोबत येतं.

पुण्याच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी कान तपासले. फार बिघडलेलं नाही म्हणाले, पण यंत्र वापरा. सरकारी यंत्र फुकट मिळत होतं — छातीवर अडकवायची पेटी आणि तिची वायर कानापर्यंत. तिथंच लावून पाहिलं. काय सांगू, बाहेरचा नळ ठिबकत होता तोही ऐकू आला! तरी मी चिडून पेटी उतरवून टेबलावर ठेवली. गळ्यात पेटी बांधून देवळात बसू? बायको म्हणाली, "पेटीच घ्या. दिसली म्हंजी मानसं जवळ येऊन बोलतील." दिसली म्हंजी! मला नेमकं तेच नको होतं.

मग दुभती म्हैस विकली आणि दुकानातलं खाजगी यंत्र घेतलं. परदेशी, कानामागं बसणारं, बोटाच्या पेराएवढं. ते झाकावं म्हणून फेटा कानावर ओढून बांधायला लागलो. आणि इथंच माती खाल्ली. फेट्याचं कापड त्याच्यावर घासायचं, खरखर व्हायची, मध्येच शिट्टी वाजायची. फेटा वर घ्यावा तर यंत्र दिसणार, खाली घ्यावा तर डोकं उठणार. दुकानदाराला शिव्या घातल्या, यंत्राला घातल्या. स्वतःला घालायचं तेवढं राहिलं. शेवटी घरात असलो की काढून कोनाड्यात ठेवायचो.

उन्हाळ्यात आमच्याकडं डोंगराला वणवा लागतो. वर गवताच्या राखणीला कुशाबा असायचा, ठाकरवाडीचा, माझ्याहून वयानं लहान. धूर दिसला की त्यानं वरून हाळी द्यायची आणि खाली आम्ही जनावरं सोडायची — ही वडिलांपासूनची रीत. त्याची हाळी म्हणजे पलीकडच्या वाडीतली कुत्री उठायची. गावाला तिचं कौतुक होतं.

त्या दिवशी सगळे वराळ्याला लग्नाला गेलेले. दुपारी ओसरीवर मी एकटा, आणि यंत्र कोनाड्यात. धुराचा वास नाकात शिरला तोवर धाकट्या भावाच्या गोठ्यानं पेट घेतला होता. मी माझे बैल सोडले. भावाची गाभण गाय आत राहिली. कुशाबा धावत खाली आला, त्याचे तळपाय पोळलेले होते.

दुसऱ्या दिवशी देवळात माणसं जमली. हाळी का दिली नाहीस, असं भावानं रडत विचारलं. कुशाबा म्हणाला, "दिलती की! घसा फाटंस्तवर दिलती. आबांनी ऐकली आसंल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी फेटा सारखा केला आणि म्हणालो, "मी वसरीवरच हुतो. हाळी आली न्हाई."

खोटं होतं का ते? माझ्यापर्यंत नव्हतीच आली — त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं स्वतःला फसवलं. छातीवर पेटी असती तर पहिल्यांदा कुणीतरी मलाच विचारलं असतं, आबा, पेटी चालू होती का? पण तसं कुणाच्या मनातही आलं नाही. कुणी म्हणालं झोपला असेल, कुणी म्हणालं प्याला असेल. मी मान डोलावली. त्याची राखण गेली. पुढं कुणी त्याला राखणीला ठेवलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात तो लोणावळ्याच्या बाजारात करवंदं विकताना दिसला. मला बघून उठला, अगदी जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आबा, लय इचार केला. माजाच आवाज बसला आसंल त्या दिशी. तुमी कशाला खोटं बोलाल?"

यंत्र कानात होतं. त्या दिवशी खरखर नव्हती, शिट्टी नव्हती. शब्द न् शब्द ऐकू आला.

मी म्हणालो, "व्हय. तसंच झालं आसंल."

त्यानं मला करवंदांचा द्रोण भरून दिला. मी तो घेतला.

कुशाबानं त्यानंतर कधी हाळी दिली नाही. त्याची बायको शेताच्या पार टोकाला असली तरी तो काम टाकून उठायचा, आणि तिला काय सांगायचं ते सांगायला तिच्यापर्यंत चालत जायचा.