उठवायची हाक

घोडा पळवणं कुणालाही जमतं. घोड्याला मरायला शिकवणं अवघड. मरायला म्हणजे शूटिंगपुरतं हो! लढाईच्या सीनमध्ये घोडा स्वाराला घेऊन कोसळतो आणि 'कट' होईपर्यंत कानसुद्धा हलवत नाही. बघणाऱ्याला वाटतं, आपोआप झालं. त्यापायी आमचा किती पिट्टा पडलेला असतो ते विचारू नका.

हे काम मी आबांकडून शिकलो, म्हणजे माझ्या वडिलांकडून. कोल्हापुरात तेव्हा ऐतिहासिक सिनेमे आणि मालिकांची शूटिंगं सारखी चालायची आणि घोडे आमच्या तबेल्यातनं जायचे. गुऱ्हाळावरची उसाची वाळलेली चिपाडं गाडी भरून आणायची, तबेल्यामागं गुडघाभर थर पसरायचा आणि त्यावर जनावर पाडायचं. डावा लगाम हळू ओढायचा, मानेवर दोन बोटं टेकायची. घोडा आधी गुडघ्यावर येतो, मग कुशीवर. आला की गुळाचा खडा द्यायचा. मारायचं अजिबात नाही. मारून पाडलेला घोडा पुन्हा कॅमेऱ्यापुढं उभा राहत नाही.

पण आबांची एक खोड होती. पाडायची खूण ते कुठल्याही स्वाराला दाखवायचे, उठवायचं मात्र फक्त स्वतःच्या आवाजानं. "हाक आपल्या गळ्यात ऱ्हाऊ दे," म्हणायचे. "मग सिनेमावाल्यांना घोड्यासंगं आपल्याला बी न्यावंच लागतंय की!" मला ही लई भारी अक्कल वाटायची. मीही तेच करत गेलो.

माझी घोडी पंचकल्याणी होती. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. आम्ही जनावरांना नावं देत नव्हतो, मी तिला नुसतं 'बाय' म्हणायचो. सीन संपला की मी लांबूनच ओरडायचो, "ऊठ गं बाय, सपलं!" की ही अंग झाडत उभी राहायची आणि सगळी गर्दी सोडून सरळ माझ्याकडं येऊन खांद्यावर हनुवटी टाकायची. सेटवरची माणसं टाळ्या वाजवायची. मी मिशीवरनं हात फिरवत उभा. लग्नाच्या वरातीतही मी इतका मिरवलो नव्हतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका मालिकेच्या शूटिंगला दुसऱ्याच एका घोड्यानं मला फेकलं आणि माझी कंबर मोडली. डॉक्टर म्हणाले, यापुढं रिकिबीत पाय टाकायचा नाही. कामाचं जनावर बांधून ठेवलं की खंगतं. सहा महिने बाय दावणीला पाय आपटत राहिली आणि मी खाटेवरनं तो आवाज ऐकत राहिलो. शेवटी वाईकडचा एक घोडेवाला आला आणि मी ती त्याला विकली. माणूस चांगला होता. त्याला मी दाण्याची चंदी किती द्यायची, खरारा कुठं आवडतो, पाडायची खूण कुठली, सगळं सांगितलं. ती फक्त माझ्या आवाजावर उठते, एवढंच सांगितलं नाही. विसरलो, असं मी लोकांना सांगतो. साफ खोटं! जीभच रेटली नाही.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. "पावणं, घोडी पडली ती उठंनाच! काय झालंय कळंना."

"फोन तिच्या कानाला लाव," मी म्हणालो आणि घरातली भांडी हादरतील असा ओरडलो, "ऊठ गं बाय, सपलं!"

पलीकडं नाल वाजले. मग तो म्हणाला, "उठली की वो! पर सारखी गेटाकडंच बघतीया."

लाज वाटते सांगायला, पण मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. नंतर असे बरेच फोन आले. मी तर वाटच बघायचो. फोन वाजला की बायको म्हणायची, "घ्या, तुमच्या लाडकीचा आला!" घोडीच्या नालांचा आवाज ऐकायचा मला तेवढाच मार्ग उरला होता. दुसरी युक्ती करा, असं मी त्या माणसाला एकदाही सांगितलं नाही.

मग एकदा त्याचं शूटिंग डोंगरावर होतं आणि तिथं फोनला रेंज नव्हती. घोडी भर उन्हात दोन तास पडून राहिली. लोकांनी पाणी ओतलं, शेपटी ओढली, शेवटी काठ्या घातल्या. माझी हाक येईल म्हणून ती मार खात राहिली. तहानेनं कासावीस झाली तेव्हा कशीबशी उठली. संध्याकाळी त्यानं फोनवर सांगितलं, "आसलं जनावर मला न्हाय परवडत. येत्या बाजारात घालतो." पडली की न उठणारी घोडी बाजारात कोण घेतो, ते मला चांगलं ठाऊक होतं. परत आणून दावणीला खंगवणंही पटत नव्हतं. "चार दिवस थांब, मी येतो," एवढंच बोललो आणि कमरेला पट्टा बांधून सकाळची एसटी धरली.

मला बघून ती खिंकाळली. पाठीवर काठ्यांचे वळ होते. मी तिच्या गळ्यात पडून रडलो आणि स्वतःला आईबहिणीवरनं शिव्या दिल्या. मग कामाला लागलो. पहिल्या दिवशी ती कुशीवर पडली की मी हाक मारायची आणि त्याच वेळी त्यानं तिच्या खांद्यावर थाप मारायची. गूळ त्याच्या हातनं. दुसऱ्या दिवशी थाप आधी, हाक मागनं आणि हळू. तिसऱ्या दिवशी मी नुसता पुटपुटलो.

चौथ्या दिवशी मी गप्प उभा राहिलो. त्यानं थाप मारली. तिनं मान उचलली आणि माझ्याकडं बघितलं. कान माझ्याकडं लावून वाट बघत राहिली. हाक माझ्या दातांपर्यंत आली होती. मी खाली मातीकडं बघत राहिलो. त्यानं पुन्हा थाप मारली. ती उठली, अंग झाडलं आणि त्याच्याकडं गेली.

"जमलं की पावणं!" तो आनंदानं ओरडला. "आता कुणाची गरज न्हाय हिला."

"व्हय," मी मान हलवली.

निघताना ती गव्हाणीत तोंड घालून खात होती. माझ्याकडं तिची पाठ होती. एकदा, फक्त एकदा तिला हाक मारावी म्हणून जीव तुटत होता. मारली असती तर चार दिवसांची शिकवण मातीत गेली असती. मी रुमाल तोंडात कोंबला आणि तसाच एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो.