गोष्टवालीची लेक परत आली

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरीची घडी घालायला दोघी लागतात. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. ताणायचं, झटकायचं, मग समोरासमोर चालत येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. दिवसभर हेच. हात गुंतलेले, तोंड रिकामं. त्या रिकाम्या वेळेचं सोनं केलं गोष्टवालीने. तिचं खरं नाव पगाराच्या खिडकीशिवाय कुठे कुणी घेत नसे.

गोष्ट दर वेळी नवी, सांगाडा मात्र तोच. कुणीतरी घरी सुखात असतं. संकट दार ठोठावतं. ते म्हणतं, मी नाही जाणार. मग जावंच लागतं. वाटेत एखादं म्हातारं भेटून चार शब्द सांगतं. पुढे विहीर, नाहीतर गुहा, नाहीतर राक्षसाचं पोट; जीव जातो की राहतो अशी वेळ. आणि शेवटी हातात काहीतरी घेऊन माणूस घरी. दार उघडतं, आई मिठी मारते, गोष्ट संपते.

"मावशी, तुझा माणूस एकच असतो गं," तिची जोडीदारीण बुटकी चिडवायची. "नुसती टोपी बदलतेस त्याची."

"मग तू सांग की नवी. मी ऐकते."

"मला कुठलं यायला! पण एकदा तरी राहू दे ना त्याला विहिरीत."

"विहिरीत ठेवायचं तर गोष्ट कशाला हवी? त्यासाठी बातम्या आहेत."

याच गोष्टी सांगत तिने एकटीने लेक वाढवली. लेक मोठी झाली आणि त्याच लॉन्ड्रीत लागली. चादरी सुकवायच्या गरम रोलरला पुढून जाळी नव्हती. चादर आत सारताना हात गेला तर गेला. एका बाईची बोटं गेली तेव्हा ठेकेदार म्हणाला, "लक्ष कुठे होतं तिचं?" लेक आधीच फटकळ. तिने मशीन बंद केलं आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, जाळी बसेल तेव्हाच हे चालू होईल. संप झाला. गेटवर झटापट झाली, पोलिसांची गाडी जळाली. गाडी जळत होती तेव्हा लेक एका चक्कर आलेल्या बाईला पाणी पाजत होती. पण आळ घालायला ओळखीचा चेहरा लागतो. तिला उचललं.

गोष्टवाली रडली नाही. बुटकी रडायला लागली तर हिनेच तिला दटावलं. तुरुंगात भेटीला गेली की काचेपलीकडच्या लेकीला म्हणायची, "धीर धर. हे मधलं आहे, शेवट नाही." लेक नुसती बघायची.

इकडे जाळी बसली. पुढे लेकही सुटली. खटला टिकला नाही, असं सगळे म्हणाले. ती आली त्या दिवशी गल्लीत घोषणा, फुलं, माणसांवर माणसं. दार उघडलं. आईने मिठी मारली.

पुढे काय करायचं, ते गोष्टवालीला माहीत नव्हतं. तिच्या कुठल्याच गोष्टीत ते नव्हतं.

लेक दाराकडे तोंड करून बसायची. शेजारी कुणाच्या किल्ल्या वाजल्या की उठून उभी राहायची. न्हाणीघरात जायच्या आधी विचारायची, "जाऊ का?" स्वतःच्या घरात! पहिल्यांदा गोष्टवाली हसली. मग हसायची बंद झाली. तिला तिची लेक परत हवी होती, तीच, जिच्या तोंडाला लागायला ठेकेदार घाबरायचा. एकदा तिने भाजीत मुद्दाम मीठ जास्त टाकलं. भांडेल तरी पोरगी. पोरगीने गुपचूप खाल्लं, ताट धुऊन ठेवलं.

मग एका दुपारी लेक आपणहून बोलली. "आई, खटला टिकला नाही म्हणून नाही सुटले मी. मी माफी मागितली. बंद खोलीत पोलिसांच्या मोठ्या साहेबांपुढे हात जोडले. म्हटलं, गाडी मीच जाळली, संपही चुकीचा होता, परत असं करणार नाही. तेव्हा सोडलं."

"बरं," गोष्टवाली म्हणाली आणि उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

थोड्याच दिवसांनी युनियनचा सेक्रेटरी आला. जाळी बसली त्याची सभा होती. "मावशी, तिला दोन शब्द बोलू द्या. लोक वाट बघतायत."

"मला नको," लेक म्हणाली.

"नुसती उभी राहा गं," आई म्हणाली. "मी आहे ना शेजारी." तिला वाटलं, आपली माणसं बघून पोरगीला कंठ फुटेल. विहिरीतून वर यायला दोर तर टाकायलाच हवा.

सभेत लेक माईकपुढे उभी राहिली. शब्द नाही. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. आईला ते बघवेना. तिने माईक ओढला आणि जे येत होतं तेच केलं. गोष्ट सांगितली. घरातलं पोर, दारात आलेलं संकट, काळी कोठडी. मग तिचा आवाज चढला. "साहेब म्हणाला, माफी माग. माझी लेक म्हणाली, मान काप, पण वाकणार नाही!"

काय टाळ्या पडल्या! टाळ्यांना काय लागतं? दोन हात पुरतात, वाजवून झाले की घरी जाऊन झोपता येतं. वाकली नाही तिचा जयजयकार करायला सगळे पुढे. समोर मुक्याने उभ्या पोरीला एवढं वाकवलं कुणी, तेव्हा आपण कुठे होतो, हे विचारायला त्या मैदानात एकाचंही तोंड उघडलं नाही.

गोष्टवालीने वळून लेकीकडे पाहिलं. लेक तिच्याकडे बघत होती, मध्ये अजून काच असावी तशी.

घरी आल्यावर लेकीने पिशवी भरायला घेतली.

"मी तुला एकटीला सांगितलं होतं, आई."

"मग लोकांना काय सांगायचं होतं? हात जोडलेस म्हणून?"

"काहीच नाही. गप्प राहायचं. मला घेऊन घरी यायचं."

"तुझ्यासाठीच बोलले गं मी! तुझी मान वर राहावी म्हणून..."

"माझी नाही, तिची." लेकीचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तुला जी परत यायला हवी होती ती आलीच नाही. मी आले. आणि मला तू अजून घरात घेतलेलं नाहीस."

ती गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला बाटल्या धुवायच्या कारखान्यात लागली. लॉन्ड्रीत बुटकीने गोष्ट मागितली की गोष्टवाली म्हणायची, घसा बरा नाही. काही दिवसांनी बुटकीने मागणंच सोडलं.

आपल्या सुट्टीच्या दिवशी गोष्टवाली त्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली. पाळी सुटली. लेक बाहेर आली; हात पाण्याने पांढरे, सुरकुतलेले.

"तुझा गुडघा कसा आहे?" लेकीने विचारलं.

"आहे." मग गोष्टवालीला धीर निघेना. "चुकले गं मी..." तिचे हात वर आले.

लेकीने ते दोन्ही हात पकडून खाली केले. "हात जोडू नकोस. माफी तर मागूच नकोस. ती मागितली की माणसाचं काय होतं, मी बघितलंय."

"मग करू काय मी?"

लेकीने खरंच विचार केला. "नाही गं माहीत," ती म्हणाली.

घरी चल, हे शब्द गोष्टवालीच्या ओठांवर आले, तिने गिळले. दोघी बसथांब्यापर्यंत चालत गेल्या. बस आली तसं लेकीने कोपराला धरून तिला वर चढवलं, कंडक्टरला सांगितलं, हिला हॉस्पिटलपाशी उतरवा. गोष्टवालीला खिडकीची जागा मिळाली. बस लगेच सुटली नाही, ड्रायव्हर चहाला उतरला होता. तेवढा वेळ लेक थांबली नाही. गर्दीत तिची पाठ दिसत होती तोवर आई बघत राहिली. मग तिथे दुसऱ्याच कुणाची तरी पाठ होती.