रिक्षात तोंडून निघालेले दोन शब्द

हे ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून लिहितेय. सकाळी चाकणच्या कंपनीत माझ्या नवऱ्याचा हात प्रेस मशीनमध्ये अडकला. दोन तास झाले, आतून कुणी काही सांगत नाही.

फोन आला तशी दिघीहून रिक्षा पकडली. पुढे ट्रॅफिक हलेना. मला प्रार्थना करायची होती. आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल मी घेते, मुलांना प्रार्थना मीच शिकवते. पण आज एक वाक्य जुळेना. तोंडून फक्त 'ओ गॉड, ओ गॉड' निघत होतं.

याच शब्दांवरून मी मुलांना रागावते. देवाचं नाव उगाच घेऊ नये, ही बायबलची आज्ञाच आहे आम्हाला. पेन हरवलं म्हणून कुणी 'ओ गॉड' म्हणालं, की मी त्याला उभं करते.

रिक्षावाले काका आरशात बघून म्हणाले, "घ्या ताई, देवाचं नाव घेत राहा. आपल्या हातात तेवढंच हाय."

त्यांना ती प्रार्थना वाटली. मला माहीत होतं, ती नुसती भीती होती.

गेल्या रविवारी माझ्या वर्गातली नऊ वर्षांची रिया खिडकीबाहेर बघत हळूच 'ओ गॉड' म्हणाली. मी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. काय झालं, ते विचारलंच नाही.

तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करा. मला अजूनही तेच दोन शब्द सुचतायत. ते ऐक, असं देवाला कुठल्या तोंडाने सांगू?